कारवानला वळवायचं कसं

सुरुवातीलाच माफी मागून घेतो. लिहिणं हे आमच्या घरात कुणाचंच काम नव्हतं. आमच्या घरातून आजवर निघालेलं सगळ्यात लांब लिखाण म्हणजे ताईच्या लग्नाची पत्रिका, आणि तीसुद्धा छापणाऱ्यानेच जुळवून दिली होती. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिला. म्हणून लिहिताही येत असेल असं इतरांना वाटतं, मला अजून तसं वाटत नाही. त्यातून विषय कुत्र्याचा. ज्यांनी पिढ्यानपिढ्या कुत्री पाळली त्यांनी यावर लिहावं. मी एकच कुत्रा पाळला, तोही शनिवार दुपार ते सोमवार सकाळ. बाकीचे दिवस मी वाशीमला होस्टेलवर असतो. पण आमच्या मराठीच्या मॅडम म्हणाल्या, जे स्वतः पाहिलंस तेवढंच लिही, त्याहून जास्त लिहू नकोस. तेवढंच लिहायचा प्रयत्न करतो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

आमचं गाव शिरपूरच्या बाजूला आहे. वावर, म्हणजे शेत, गावापासून लांब, शिवाराच्या अगदी टोकाला. आमच्या धुऱ्याच्या, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधाच्या, पलीकडे एका काकांचं वावर, त्याच्या पुढे नाला आणि नाल्यापलीकडे झुडपी जंगल. तिथली जनावरं आमच्या पिकावर जगतात असं म्हटलं तरी चालेल. सोयाबीनमध्ये रानडुकरं, हरभऱ्यात रोही. शहरातले लोक ज्याला नीलगाय म्हणतात तो आमचा रोही. नाव गाईचं, पण एक कळप रात्रीतून हरभऱ्याचे शेंडे असे खुडतो की सकाळी वावर न्हाव्याकडून आल्यासारखं दिसतं.

बाबा जागल करायचे, म्हणजे रात्रभर मचाणावर बसून पीक राखायचं. दिवसा पुन्हा कामं होतीच. सकाळी मोटर चालू करायला जायचे आणि पेटीला टेकून तिथेच झोपायचे. एकदा आईने मला फोन करून सांगितलं की लाइन येऊन गेली, पाणी झालं नाही, आणि तुझे बाबा मोटरच्या पेटीवर घोरत होते. ती हसत होती. मला मात्र होस्टेलच्या खाटेवर पडून ते काही केल्या विसरता येईना. कुत्रा आणायचं माझ्या डोक्यात आलं ते तिथून.

कुठला आणायचा यावर मी मोबाइलवर बरंच वाचलं. माझा खोलीतला सोबती कारंज्याकडचा, धनजजवळचा. त्याच्या ओळखीत कुणाकडे डॉबरमन होता. पण आमच्या उन्हात तो टिकला नसता, आणि त्याच्या जेवणात आम्ही टिकलो नसतो. गावठी कुत्री भुंकतात पुष्कळ, पण डुक्कर दोन पावलं पुढे आलं की ती चार पावलं मागे येतात. मग मला कारवान सापडला. उंच, बारीक, लांब तोंडाचा, पोट पाठीला लागलेला आपल्याच महाराष्ट्रातला कुत्रा. मुळात शिकारी जात. ससा आणि हरीण धावून पकडण्यासाठीच लोकांनी ही जात वाढवली. आता शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. आम्हाला शिकार नको होती, फक्त धावणं हवं होतं. रोह्याच्या मागे धावून त्याला धुऱ्याबाहेर काढेल असं दुसरं कुत्रं मला दिसेना.

बाबा म्हणाले, "शिकारीचं कुत्रं आनून आपल्याले जेलात जाचं हाय काय?"

"नाई बाबा. मी त्याले शिकवतो. धुऱ्यापर्यंतच पयाचं, मंग वापस."

"तुले शिकवाले आमाले इतके वर्सं लागले. ते त कुत्रं हाय."

तरी ते तयार झाले. एका अटीवर. "हाकलाचं, माराचं नाई. आपल्याले पीक राखाचं हाय, कोनाचा जीव नाई घ्याचा. हरनाले तोंड लावलं का त्याच दिवशी ज्याचं त्याले वापस." बाबा एकदा बोलले की तो विषय घरात पुन्हा निघत नाही. त्यामुळे कुत्रा घरात येण्याआधीच तो घरात राहील की नाही हे कशावर ठरणार ते मला माहीत होतं.

दर वर्षी हरभरा निघाला की एक धनगर आमच्या शिवारात येतो. रिकाम्या वावरात मेंढ्या बसवतो. रात्रभर मेंढ्या बसल्या की वावराला खत मिळतं, त्याच्या बदल्यात आम्ही त्याला धान्य देतो. त्याच्याकडे कारवान कुत्री होती आणि तिला पिल्लं झाली होती. मी, आई आणि बाबा तिघेही पाहायला गेलो.

मी वाचून गेलो होतो. छाती खोल हवी, कपाळ अरुंद हवं, मागचे पाय असे हवेत, तसे हवेत. मी एकेक पिल्लू उचलून बघत होतो आणि धनगराला सांगत होतो. त्याने बराच वेळ ऐकून घेतलं.

"दादा," तो म्हणाला, "आता त हे सारे पोटंच हायेत. छात्या निंगाच्या हायेत अजून."

खरंच सगळी पिल्लं म्हणजे दूध पिऊन टम्म झालेली पोटं होती, त्यांना चार कोपऱ्यांना पाय चिकटवलेले. मग आम्ही तिघांत चर्चा सुरू केली. मला तांबूस हवा होता, कारण फोटोत तसा होता. आईचं म्हणणं पांढऱ्यावर मळ दिसतो, काळा घ्या. ही चर्चा चालली असताना एक मातकट रंगाचं पिल्लू लुटूलुटू आलं, बाबांनी बाजूला काढून ठेवलेल्या एका चपलेवर चढलं आणि झोपी गेलं. आमचं ठरत नव्हतं. शेवटी आई म्हणाली, चला, पुन्हा येऊ. बाबा हलले नाहीत.

"चला ना," आई म्हणाली.

"झोपलं हाय ना ते. थांबा जरा."

एका पायात चप्पल घालून बाबा उन्हात उभे राहिले. धनगर त्यांच्याकडे पाहून हसला आणि म्हणाला, घेऊन जा चपलीसकट. अशी निवड झाली. जे वाचलं होतं त्यातलं काहीच कामी आलं नाही, आणि तरी आजही मला तो निर्णय चुकला असं वाटत नाही.

त्याचं नाव मी विचार करून ठेवलं होतं, पण ते कुणी वापरलं नाही. आई त्याला बाळ म्हणायची. मलाही ती बाळच म्हणते, त्यामुळे शनिवारी घरी आल्यावर अंगणातून हाक आली की आम्ही दोघेही जायचो आणि ताटात काय आहे यावरून कळायचं की कुणाला बोलावलं होतं. बाबा त्याला कुत्रं म्हणायचे. ते नाव त्याला सगळ्यात आवडायचं, असं मला त्याच्या शेपटीवरून वाटतं.

पावसाळ्यात तो वाढला. वाढला म्हणजे उंच झाला, पाय लांब झाले आणि ते पाय कुठे ठेवायचे हे त्याला कळेना. गोठ्यात बसायचा तर एक पाय पाण्याच्या घमेल्यात असायचा. शेजारी म्हणायचे, कुत्रं आणलं की करडू. मी वाशीमच्या खेळाच्या दुकानातून एक शिट्टी आणली, कबड्डीच्या पंचाकडे असते तशीच, आणि सोयाबीन निघाल्यावर शिकवणी सुरू केली.

पद्धत मी अशी ठरवली होती. गळ्यात पट्टा, पट्ट्याला लांब दोर. सकाळी त्याला घेऊन वावराच्या चारही धुऱ्यांवरून फिरायचं. तिथे पोचलो की शिट्टी. तो थांबला की त्याला भाकरीचा तुकडा, चांगला थांबला तर उकडलेलं अंडं. मी नसताना हेच आईने करायचं. बाबा हे लांबून बघत असायचे.

"मी इतक्या वर्सांपासून धुऱ्यावर थांबून राह्यलो," ते एकदा म्हणाले, "मले कोनी अंडं नाई देल्लं."

आईने दुसऱ्या दिवशी त्यांच्या शिदोरीत अंडं ठेवलं. ते त्यांनी अर्धं स्वतः खाल्लं आणि अर्धं कोणाला दिलं ते सांगायला नको.

दिवाळीनंतर मी दोर काढला. आणि तो थांबू लागला. डुकरांच्या मागे जायचा, तुरीतून सणसणत जायचा, धुऱ्यावर पोचायचा, मी शिट्टी वाजवायचो आणि तो तिथे उभा राहायचा. जीभ बाहेर, कान मागे, माझ्याकडे बघत. रोह्यांचा कळप त्याने दोनदा आमच्या हरभऱ्यातून बाहेर काढला आणि दोन्ही वेळा तो धुऱ्यावरून परत आला. बाबा रात्री घरी झोपू लागले. मी होस्टेलवर सगळ्यांना सांगितलं. वर्गातही सांगितलं. माझा सोबती म्हणाला, तू आता कुत्र्यांचा क्लास काढ. मला ती गंमत वाटली नाही, खरंच काढावा असं एक-दोन दिवस वाटलं.

फक्त धुऱ्यापलीकडचे काका मानत नव्हते. ते म्हणायचे, "हे जात एकदा सुटली का सरपंचाचंबी आयकत नाई. अजून सुटलं नाई म्हनून तुमाले वाटते शिकलं."

मग तूर सोंगली. आमची सोंगली, काकांची सोंगली, चार-आठ दिवसांत सगळ्या शिवारातली उभी तूर आडवी झाली. ज्यांनी आमच्याकडचं शिवार पाहिलं नसेल त्यांना सांगतो, तूर उभी असते तेव्हा वावरात माणूस हरवतो. ती निघाली की गावाच्या पाराएवढं लांबचंही काही लपत नाही. हिरव्या हरभऱ्याचा तुकडा सोडला तर सगळं सपाट, मोकळं.

त्या रविवारी सकाळी मी त्याला नेहमीसारखा मोकळा घेऊन गेलो. तो धुऱ्यावर उभा राहिला. नाल्याच्या अलीकडे, काकांच्या वावराच्या पार टोकाला हरणं चरत होती. त्याने मान उंच केली. तो थरथरला, एवढंच मला दिसलं. नंतर तो तिथे नव्हता.

मी शिट्टी वाजवली. जोरात वाजवली. पण एक गोष्ट कबूल करावी लागेल की अर्ध्यातच वाजवायची राहिली, कारण मी त्याला धावताना बघत होतो. तोवर मी त्याला असं धावताना पाहिलंच नव्हतं. तुरीत काही दिसायचं नाही. पाय चारही एकत्र यायचे आणि चारही लांब पसरायचे, आणि मधल्या वेळात तो जमिनीवर नसायचा. गोठ्यात घमेल्यात पाय घालून बसणारा हा तोच होता यावर विश्वास बसला नसता. हरणं नाला ओलांडून गेली, त्यांच्या मागे तो गेला. बाबा मचाणाखाली उभे होते. ते खाली बसले.

तो बऱ्याच वेळाने परत आला, हळूहळू, जीभ जमिनीला टेकवत. बाबांनी त्याला जवळ घेतलं, दोन्ही हातांनी त्याचा जबडा उघडला, आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक ओठांच्या आतून फिरवलं आणि उजेडात धरून पाहिलं. दुपट्टा पांढरा होता आणि पांढराच राहिला.

तेवढ्यात काका आले. "रोही परवडले," ते म्हणाले. "ते निदान खाऊन त जातेत. तुमचं कुत्रं नुसतंच तुडवून गेलं."

त्यांच्या हरभऱ्यातून जाताना आणि येताना अशी एक वाट पडली होती. बाबांनी हात जोडले. रात्री जेवताना त्यांनी सांगितलं, तोंड स्वच्छ होतं हे त्याचं नशीब, हरणाचं नशीब आणि आपलं नशीब. नशिबावर कुत्रं ठेवता येत नाही. हरभरा निघाला की धनगर येईल. तोवर हरणामागे सुटलेला तो परत वळला तर ठीक. नाही तर धनगराबरोबर जाईल.

आईने भाकरी दुधात कुस्करली आणि नेहमीपेक्षा जरा मोठा गोळा त्याच्यापुढे ठेवला.

मला चूक कळायला आठवडा लागला. वर्गात बसलो होतो आणि खिडकीबाहेर बघत होतो, तेव्हा लक्षात आलं की खिडकीला पडदा असता तर मीही फळ्याकडे पाहिलं असतं. इतके दिवस तो माझ्या शिट्टीमुळे थांबतच नव्हता. धुऱ्यापलीकडे काकांची तूर उभी होती, डुक्कर तिच्यात शिरलं की दिसेनासं व्हायचं, आणि जे दिसत नाही त्याच्या मागे ही जात जात नाही. तो थांबायचा तुरीमुळे, शिट्टी फुकटची वाजायची. मी त्याला तुरीच्या दिवसांत शिकवलं आणि तूर नसलेल्या दिवसांत त्याची परीक्षा घेतली. कपाशी तुरीसारखं काही झाकत नाही, त्यामुळे कपाशीच्या गावात कुणी अशी चूक केली नसती.

मग त्याला वळवायचं कसं? पुढच्या रविवारी आम्ही तुरीचं खळं केलं. काम झाल्यावर बाबा अंगावरचा भुसा झटकायला दुपट्टा फडकावत घराच्या वाटेला लागले. कुत्रा वावराच्या पार दुसऱ्या टोकाला एका टिटवीच्या मागे होता. त्याने मान वळवली आणि टिटवी सोडून बाबांकडे बाणासारखा आला. मी दुपट्टा मागून घेतला. उभं राहून हलवला तर तो नुसता बघायचा. मी दुपट्टा डोक्यावर फिरवत उलट दिशेला पळालो, तर तो जिथे असेल तिथून माझ्या मागे. जे डोळ्यांसमोरून पळतं त्याच्या मागे तो जातो. हाकेने वळत नाही, पण दुसरीकडे काही पळालं तर वळतो.

मला इतका आनंद झाला की मी पळतच राहिलो. आणि तेवढ्यात काका हातात काठी घेऊन धापा टाकत आले. त्यांच्या मागे त्यांचा मुलगा, त्याच्या मागे आणखी कोणी.

"काय झालं? साप?"

"नाई काका, कुत्र्याले शिकवून राह्यलो."

त्यांनी काठी टेकली आणि श्वास जागेवर येईपर्यंत माझ्याकडे बघत राहिले. "शिवारात पयत असतेत काय?" एवढंच म्हणाले.

त्यांचं बरोबर होतं. आमच्याकडे शिवारात कुणी पळत नाही. कितीही घाई असो, माणूस चालतो. कोणी पळालं तर त्याचा अर्थ एकच. साप चावला, विहिरीत कोणी पडलं, गंजीला आग लागली. मग ज्याला दिसेल त्याने हातातलं काम टाकून त्या दिशेला पळायचं, आणि त्याला पाहून पुढच्याने. फोन येण्याच्या कितीतरी आधीपासूनची ही सोय आहे, आणि फोन आले तरी ती कुणी मोडलेली नाही. मी पळालो तेव्हा मला ते आठवलंच नाही.

दोन-तीन रविवार लोक पळत येत राहिले, मग सगळ्यांना माहीत झालं. "कॉलेजचा पोट्टा पयला त पयू द्या," असं एकमेकांना सांगू लागले. मी काकांच्या मुलाच्या दुचाकीवर मागे बसून मेंढीच्या कातड्याचा तुकडा दोरीला बांधून फरफटत नेला, त्याच्या मागे कुत्रा सोडला, आणि बाजूने मित्राला दुपट्टा घेऊन पळायला लावलं. तो वळला. पुन्हा सोडला, पुन्हा वळला. पण कातडं म्हणजे हरीण नाही हे मला कळत होतं. आणि मी फक्त रविवारी असतो हेही.

आईने एकदा प्रयत्न केला. पदर खोचून दुपट्टा घेऊन पळाली, मग तिला हसू आलं, मग कुत्रा तिच्यापुढे निघून गेला आणि तिच्यासाठी थांबला, आणि ती त्याच्यावर अडखळून हरभऱ्यात बसली. बसल्या बसल्या ती इतकी हसली की मी पुन्हा पळ म्हणालो नाही.

राहिले बाबा. मी त्यांना समजावून सांगितलं.

"मी पयत नाई," ते म्हणाले.

"एकदाच, बाबा. वेळ आली तरच."

"तू पयला त लोकं म्हनतेत पोट्टा पयून राह्यला. मी पयलो त सारं शिवार येईन. लोकाच्या कामाचा खोळंबा कायले करू? आन या वयात दुपट्टा फिरवत? लग्नात नाई नाचलो मी माह्या."

आई म्हणाली, "ते मले मालूम हाय."

मी जास्त ताणलं नाही. त्यांना शिवारात पळताना मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. हरभऱ्याला घाटे भरत आले होते. धनगराचा फोन येऊन गेला होता की तो या बाजूला निघाला आहे. आणि आमची हिवाळी परीक्षा लांबत लांबत नेमकी तेव्हाच आली. मी वाशीमला गेलो. जाताना कुत्र्याला काही सांगितलं नाही, कारण त्याला ऐकण्यात रस नाही हे मला आता माहीत होतं. बाबांनाही काही सांगितलं नाही.

पेपर सकाळचा होता. मोबाइल बंद करून बॅगेत आणि बॅग हॉलच्या बाहेर. पेपर बरा गेला. बाहेर येऊन फोन चालू केला तर घरचे, काकांचे, आतेभावाचे, सगळ्यांचे फोन येऊन गेलेले. आणि काकांचा रेकॉर्ड केलेला एक निरोप. वारा, धापा आणि काकांचा आवाज. "अरे, तुह्ये बाबा पयाले. आपल्या वावरात. सारं शिवार तिकडं चाललं. मीबी जाऊन राह्यलो." बस, एवढंच.

बाबा पळाले याचा माझ्यापुरता दुसराही एक अर्थ होता, पण खरं सांगतो, तो मला त्या क्षणी सुचला नाही. मला साप दिसला. विहीर दिसली. आईला फोन लावला, ती उचलेना. बाबांचा बंद. काकांचा लागला आणि नुसता गलका ऐकू येऊन कटला. मी बस स्टँडवर गेलो आणि शिरपूरच्या गाडीत बसलो. शेजारी एक आजोबा होते, ते मला विचारत होते की पोरा, बरं नाही का. मी फोन लावत होतो. गाडी सुटली, मी लावतच होतो.

बऱ्याच वेळाने आईने उचलला.

"आई, बाबा कुठी हायेत?"

"बाजीवर पडून हायेत."

"बाजीवर काहून?"

"त्याहिले चालता नाई येऊन राह्यलं म्हनून."

"काय चावलं?"

"चावलं कायी नाई. पयाले ना ते. थांब, मी आंगनात येतो, इथी लोकं लय हायेत."

आणि मग अंगणात येऊन तिने सांगितलं. सकाळी नाल्याकडून हरणी आली होती, बरोबर पाडस. कुत्रा धुऱ्यावर उभा होता. सुटला. हरणी नाला ओलांडून गेली, पाडस मागे राहिलं. बाबांनी एकदा हाक मारली. आई म्हणते, मग त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, खांद्यावरून दुपट्टा काढला आणि पळाले. दुपट्टा गरगर फिरवत, विहिरीच्या बाजूला, ढेकळांतून, एक चप्पल सुटली तरी पळाले. कुत्रा पाडसापासून बैलगाडीभर अंतरावर होता. तो वळला.

"वयला?"

"वयला म्हंजे? बाबाच्या मांगं आला त असा, का बाबा थांबले त हे त्याहिच्या अंगावर. दोघंबी पडले. गुडघा मुरगयला तवा."

मग शिवार आलं. एकाने पाण्याची कॅन आणली. एकाने विहिरीत कोणी पडलं असेल म्हणून दोर आणला. खालच्या वावरातल्या दोघांनी तर जागलीची बाजच उचलून आणली, चावलेल्या माणसाला चालवू नये म्हणून. सगळे पोचले तेव्हा बाबा ढेकळांत बसले होते आणि कुत्रा त्यांचं तोंड चाटत होता. आणलीच आहे तर म्हणून लोकांनी बाबांना बाजेवर घातलं आणि गावात आणलं. बाबा नको नको म्हणत होते. आई सांगताना मध्येच थांबत होती, ती हसते आहे हे मला कळत होतं. आजोबांना माझ्या तोंडाकडे बघून काय झालं ते कळेना.

"बाबाले दे," मी म्हणालो.

बाबा आले. मागे काकांचा आवाज येत होता, ते कुणाला तरी पहिल्यापासून सांगत होते.

"पेपर कसा गेला?"

"चांगला गेला. बाबा, दुखून राह्यलं काय?"

"थोडंसं. तू गाडीत कायले बसला? उद्या पेपर नाई काय?"

"तुमी पयाले म्हनून."

त्यांनी काकांना जरा हळू बोला म्हटलं. मग म्हणाले, "धनगराले म्या आत्ताच फोन केला. मेंढ्या आन म्हटलं, बसव म्हटलं. कुत्रं राह्यते."